दार लावून बसलेली गोगलगाय

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गावी गेलो होतो. आमचे गाव लातूर जिल्ह्यात आहे. शेताच्या उत्तरेकडचा दगडी बांध मागच्या दोन पावसाळ्यांत ढासळला होता आणि तो उकलून नव्याने रचण्याचे काम वडिलांनी उन्हाळ्यात काढले होते. ऊन असे होते की उघड्यावर पडलेली पहार हातात धरवत नव्हती. गड्याने बांधाच्या तळातला एक मोठा दगड उलथला, तेव्हा खालच्या भुसभुशीत मातीत शंखी गोगलगायींचा अख्खा मेळावा उघडा पडला. सगळ्या एकमेकींना खेटून, शंखाची तोंडे वरच्या बाजूला करून बसलेल्या होत्या आणि प्रत्येक तोंडावर पांढुरका, ताणून बसवल्यासारखा पडदा होता.

"मेलेल्या हायेत त्या, टाक पोत्यात," वडील म्हणाले.

"मेल्या कशाच्या अण्णा! एक पाऊस पडू द्या, समद्या उठत्यात बघा," असे म्हणून गडी हसला.

गडी बरोबर होता. मी त्यांतली एक उचलून घेतली. हात लावण्याआधी प्लास्टिकची पिशवी हातात चढवली, कारण या गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या कृमींच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. नंतर साबणाने हात धुतले ते वेगळेच. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिचे वजन केले आणि ओसरीतल्या एका रिकाम्या कुंडीत, कोरड्या मातीवर, वर तारेची जाळी ठेवून तिला ठेवून दिले. पुण्याला घेऊन जाण्याचा मोह झाला होता, पण तो आवरला, आणि त्याचे कारण पुढे येईलच. पाऊस सुरू होईपर्यंत ती कुंडी तशीच राहिली. दरम्यानच्या पाच आठवड्यांत मी या प्राण्याच्या पाण्याच्या जमाखर्चाविषयी जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि हे लिखाण त्यातून झालेले आहे.

गोगलगायीची अडचण आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्याला वाटते त्याहून बिकट आहे. जमिनीवर राहणाऱ्या बहुतेक यशस्वी प्राण्यांनी पाणी आत कोंडून ठेवणारी कातडी कमावलेली आहे. कीटकांच्या अंगावर मेणाचा थर असतो, सरड्याला खवले असतात, आपल्याला मृत पेशींची कोरडी त्वचा असते. गोगलगायीचे पूर्वज समुद्रातले होते आणि जमिनीवर आल्यावरही तिने ती ओली, मऊ, आरपार पाणी जाऊ देणारी कातडी सोडली नाही. अंग बाहेर काढून चालणारी गोगलगाय उन्हात ठेवली, तर तिच्या अंगावरून पाणी जवळजवळ उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून उडावे तसे उडते. त्यात तिची चाल आणखी खर्चिक आहे. ती ज्या चिकट्यावरून सरकते त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि हा चिकटा ती मागे सोडून पुढे जाते. सकाळी फरशीवर दिसणारी ती चमकणारी रेघ म्हणजे रात्रभरात तिने सांडलेले पाणी होय. गळक्या घागरीने पाणी वाहून न्यावे, तसे तिचे चालणे आहे.

आपल्याकडे 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बेरकी असलेल्या माणसाला लावतो. त्यातला प्राणिशास्त्राचा भाग मात्र तंतोतंत खरा आहे. या वर्गाचे शास्त्रीय नावच उदरपाद असे आहे आणि तो पोटातला पाय केवळ चालण्याचे काम करत नाही, तर पाणीही पितो. ओल्या जमिनीवर गोगलगाय तळवा पसरून गप्प बसली की ती बरेचदा पाणी शोषून घेत असते. असे घेतलेले पाणी ती रक्तात साठवते, आणि काही जातींत शंख व अंग यांच्यामधल्या पोकळीतही थोडे पाणी राखीव ठेवलेले आढळते. शिवाय सुकण्याची तिची सहनशक्तीही विलक्षण आहे. माणसाच्या शरीरातले दहा-पंधरा टक्के पाणी गेले तर जीव धोक्यात येतो, तर कित्येक जातींच्या गोगलगायी अंगातले निम्मे पाणी गेल्यावरही जगतात आणि ओल मिळताच काही तासांत पूर्ववत होतात.

रोजच्या जगण्यात या सगळ्यावर तिचा साधा उपाय म्हणजे वेळ सांभाळणे. ती रात्री निघते, पहाटेचे दव असेपर्यंत खाते आणि ऊन चढायच्या आत पालापाचोळ्यात किंवा दगडाखाली शिरते. ज्यांना शंख नाही अशा गोगलगायींना तर याशिवाय दुसरा मार्गच नसतो, म्हणून त्या उन्हाळ्यात जमिनीत खोल उतरतात आणि दिसेनाशा होतात.

आता ही व्यवस्था एका रात्रीपुरती ठीक आहे. मराठवाड्यात मात्र फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दव नाही, पाऊस नाही आणि खायला हिरवे पान नाही, असे चार महिने काढायचे असतात. तिथे उपयोगी पडते ती ग्रीष्मनिष्क्रियता, म्हणजे उन्हाळाभराची झोप. गोगलगाय सावलीची, शक्यतो मातीखालची जागा गाठते, अंग शंखात ओढून घेते आणि शंखाच्या तोंडाशी उरलेला चिकट्याचा पडदा वाळून कडक होतो. या पडद्याला एपिफ्राम म्हणतात. काही जाती त्यात चुना मिसळून तो अंड्याच्या कवचासारखा टणक करतात. अंग आणखी आत सरकले की पहिल्याच्या मागे दुसरा आणि तिसरा पडदाही धरला जातो, म्हणजे वाड्याला दिंडी दरवाजा, मग देवडी, मग आतला दरवाजा, तशी रचना होते. गंमत अशी की जो चिकटा तिच्या पाण्याच्या खर्चातली सर्वांत मोठी बाब आहे, त्याच चिकट्याच्या शेवटच्या हप्त्यातून ती सगळा खर्च बंद करणारे दार तयार करते.

माझ्या कुंडीतल्या गोगलगायीचा पडदा मी भिंगातून पाहिला. तो जुन्या पापडासारखा दिसत होता, मध्ये किंचित आत दबलेला आणि कडेला शंखाच्या ओठाला घट्ट चिकटलेला. नखाने हलकेच टिचकी मारली तेव्हा कोरड्या कागदासारखा आवाज आला. एका कडेला त्याचा रंग थोडा वेगळा, अधिक पांढरा होता. पुष्कळ जातींत श्वासरंध्राच्या समोर पडद्याचा असाच एक भाग विरळ किंवा सच्छिद्र राखलेला असतो, कारण दार कितीही बंद केले तरी प्राणवायू आत यायलाच हवा. माझ्या गोगलगायीतला तो पांढरा ठिपका त्यासाठीच होता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पडदा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे श्रेय त्यालाच दिले जाते, मलाही आधी तसेच वाटले होते. वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. जॉन मेचिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून गोगलगायींच्या बाष्पीभवनावर बारकाईने प्रयोग केले. त्यांतून असे दिसले की अंग आत ओढलेल्या गोगलगायीत हवेच्या समोर येणारा भाग म्हणजे प्रावाराची, अर्थात शंख तयार करणाऱ्या कातडीची, जाड किनार असते, आणि ही किनार पायाच्या किंवा पाठीच्या कातडीच्या मानाने पाणी फारच कमी सोडते. पडदा काढून टाकला तरी ही राखण बऱ्याच अंशी टिकते. म्हणजे वाळलेला पडदा हा बाहेरचा दरवाजा असला, तरी खरा राखणदार आत बसलेली जिवंत कातडी आहे. तीच कातडी गोगलगाय जागी असताना पाणी वाहू देते आणि निजल्यावर आवरून धरते.

पाण्याची गळती थांबवली तरी दोन वाटा उरतात. एक श्वासाची आणि दुसरी मलमूत्राची. श्वासाचा खर्च ती गरजच कमी करून भागवते. निद्रिस्त गोगलगायीचा प्राणवायूचा वापर जागेपणीच्या मानाने एक पंचमांश ते एक तृतीयांश किंवा त्याहूनही खाली येतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि श्वासरंध्र सतत उघडे न राहता अधूनमधून क्षणभर उघडून मिटते. फुप्फुस जितके कमी उघडे राहील तितकी वाफ कमी बाहेर जाईल, असा हा हिशेब आहे. दुसऱ्या वाटेचे उत्तर अधिक चतुर आहे. प्रथिने मोडली की नायट्रोजनयुक्त कचरा तयार होतो आणि तो मूत्रातून टाकायचा तर पाणी खर्चावे लागते. गोगलगाय हा कचरा यूरिक अम्ल आणि त्याच्या भाईबंद संयुगांच्या घन कणांच्या रूपात वृक्कात, म्हणजे मूत्रपिंडात, साठवत राहते. हे कण पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे विषबाधाही होत नाही आणि पाणीही लागत नाही. चार महिने घरातला केर एका कोपऱ्यात लोटून ठेवायचा आणि पाऊस आला की एकदम बाहेर काढायचा, असा प्रकार आहे. मी आळशी गृहस्थ असल्यामुळे मला ही युक्ती विशेष भावली.

इथवर जे सांगितले ते पाण्याचे झाले. उष्णतेचा प्रश्न यातून सुटत नाही, कारण आपण आणि कुत्री ज्या रीतीने अंग थंड ठेवतो, म्हणजे पाणी उडवून, ती रीत गोगलगायीला परवडणारी नाही. थंड व्हायचे तर पाणी जाते आणि पाणी राखायचे तर अंग तापते, अशी कोंडी आहे. या कोंडीचा सर्वांत सुंदर अभ्यास इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटात झालेला आहे.

उंट पाणी कसे वाचवतो याचा सहारात जाऊन अभ्यास करणारे क्नूट श्मिट-नील्सन हे मूळचे नॉर्वेचे शास्त्रज्ञ. त्यांनी रिचर्ड टेलर आणि अमिराम श्कोल्निक यांच्यासह १९७१ साली वाळवंटी गोगलगायींवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विषय होता स्फिंक्टेरोकिला बोइसिएरी ही पांढऱ्याशुभ्र, जाड शंखाची, लिंबापेक्षाही लहान गोगलगाय. ती उन्हाळ्यात दगडाखाली लपत नाही, उघड्या जमिनीवर भर उन्हात पडून राहते. पहिल्यांदा वाचताना मला हे खोटेच वाटले. तिथे दुपारी हवेचे तापमान सुमारे ४३ अंश असताना उन्हातल्या जमिनीचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला होता. ही गोगलगाय ५५ अंशांना मरते, ५० अंश मात्र काही तास सोसते. मग ६५ अंशांच्या जमिनीवर ती जिवंत कशी?

त्यांनी शंखाच्या वेगवेगळ्या वेढ्यांत बारीक तापमापक तारा सरकवून जे मोजले, त्यात याचे उत्तर आहे. शंखाच्या सावलीमुळे त्याच्या बुडाखालची जमीन ६० अंशांपर्यंतच तापलेली होती. शंखाचा सर्वांत मोठा, जमिनीला टेकलेला वेढा ५६ अंशांवर होता, परंतु त्यात गोगलगाय नव्हतीच. उन्हाळ्यात ती आक्रसून वरच्या लहान वेढ्यांत सरकते आणि खालचा मोठा वेढा हवेने भरलेला राहतो. ही कोंडलेली हवा जमीन आणि प्राणी यांच्यामध्ये गादीसारखे काम करते. गोगलगाय प्रत्यक्ष जिथे होती त्या वेढ्यांत तापमान जेमतेम ५० अंश भरले. वरून येणाऱ्या उन्हाचा बंदोबस्त पांढरा शंख करतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के भाग तो परत फेकतो आणि न दिसणारे अवरक्त किरण धरले तर परावर्तन आणखी वाढते. आपल्या जुन्या घरांना माळवद आणि वर चुन्याचा हात का असे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या रचनेचे मर्म लगेच कळेल. वर पांढरा चुना, मध्ये मोकळी माडी आणि माणसे खालच्या खोलीत. गोगलगायीने एवढाच फरक केला की तिची भट्टी खाली असल्यामुळे मोकळी जागा खाली ठेवली आणि बिऱ्हाड वर नेले.

याच निबंधातला पाण्याचा आकडा मला तापमानाहून अधिक थक्क करणारा वाटतो. शंखासह सुमारे चार ग्रॅम वजनाच्या या जिवात साधारण १४०० मिलिग्रॅम पाणी असते आणि उन्हाळ्यात पडून असताना ती दिवसाला अवघे अर्धा मिलिग्रॅम पाणी गमावते. निम्मे पाणी जाईपर्यंत ती तग धरते असे मानले, तर ७०० भागिले अर्धा म्हणजे १४०० दिवस, अर्थात पावणेचार वर्षांहून थोडा अधिक काळ होतो. तिथे हिवाळ्यात थोडाफार पाऊस होतो, त्या मोजक्या ओल्या दिवसांत ती उठते, खाते, अंडी घालते आणि पुन्हा दार लावते. वर्षातले बाकीचे सगळे दिवस ती फक्त जिवंत असते.

पावणेचार वर्षे हा कागदावरचा हिशेब आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली हकीकत सांगावी. इजिप्तच्या वाळवंटातल्या एका गोगलगायीचा शंख २५ मार्च १८४६ रोजी तिथे एका पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून संग्रहात मांडण्यात आला. आत प्राणी असेल असे कोणाच्या मनातही नव्हते. मार्च १८५० मध्ये त्या पुठ्ठ्यावर डाग पडलेला आणि तोंडावर ताजा पडदा धरलेला कोणाच्या तरी लक्षात आले. शंख सोडवून कोमट पाण्यात ठेवला आणि थोड्याच वेळात गोगलगायीने डोके बाहेर काढले. पुढे तिने कोबीची पाने खाल्ली आणि ती १८५२ च्या मार्चपर्यंत जगली. चार वर्षे एका कपाटात, अंगावर नावाची चिठ्ठी लावून घेऊन, ती कोणीतरी पाणी देईल म्हणून थांबलेली होती. संग्रहालयातल्या इतर शंखांकडे त्या आठवड्यात तिथल्या लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, असा विचार माझ्या मनात हमखास येतो.

पांढऱ्या शंखाचा फायदा केवळ वाळवंटापुरता नाही. नेदरलँड्समध्ये मेनो स्किल्टहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मोबाइलवरून बागेतल्या एका सामान्य जातीच्या गोगलगायींची छायाचित्रे पाठवायला सांगितली आणि आलेल्या सुमारे आठ हजार छायाचित्रांवरून २०१९ साली असे दाखवले की शहरांच्या तापलेल्या भागांत फिकट पिवळ्या शंखाच्या गोगलगायींचे प्रमाण अधिक असते. भूमध्य समुद्राच्या काठच्या काही जाती तर उन्हाळ्यात कुंपणाच्या खांबांवर आणि वाळक्या काटक्यांवर घोसच्या घोस चढून बसतात, कारण तापलेल्या जमिनीपासून हातभर वर गेले तरी हवा बरीच निवळते.

आपल्या सह्याद्रीत वेगळीच तऱ्हा आहे. सायक्लोफोरस आणि तिच्या गोतावळ्यातल्या गोगलगायींना पायाच्या मागच्या बाजूला जन्मापासूनचे गोल झाकण असते. अंग आत घेतले की झाकण बरोबर तोंडावर बसते, म्हणजे दर उन्हाळ्यात नवे दार घडवण्याची यातायात नाही. त्यांच्यातल्या टेरोसायक्लॉससारख्या काहींच्या शंखाच्या ओठाशी एक लहानशी खाच किंवा नळी असते, जिच्यातून झाकण बंद असतानाही हवा खेळते. मात्र त्यांना मिटता येणारे श्वासरंध्र नसते, झाकण उघडले की श्वासाची पोकळी सताड उघडी असते, त्यामुळे त्या ओलसर जंगलातला पालापाचोळा सोडून फार लांब जात नाहीत. दार उत्तम, पण घरात खिडकी बंद करण्याची सोय नाही, असे काहीसे त्यांचे आहे.

आता पुन्हा बांधाकडे येतो. लातूरच्या मातीतली ही शंखी गोगलगाय इथली नाहीच. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन या इंग्रज शंखसंग्राहकाने १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणलेल्या जोडीपासून भारतातला तिचा प्रवास सुरू झाल्याचे सांगितले जाते. मी पुण्याला एक गोगलगाय नेण्याचा मोह आवरला तो याच जोडीची आठवण ठेवून, कारण या गोगलगायी उभयलिंगी असतात, एकदा मीलन झाल्यावर शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवतात आणि एकटी गोगलगायसुद्धा नव्या जागी शेकड्यांनी अंडी घालू शकते. तिचा शंख तपकिरी पट्ट्यांचा आहे, म्हणजे ऊन परतवण्याच्या कामाचा नाही. नेगेवमधल्या तिच्या बहिणीप्रमाणे ती उघड्यावर पडली तर भाजून मरेल. तिचा सगळा भरवसा जागेच्या निवडीवर आहे, आणि ती जागा आपण तिला करून देतो. दगडी बांधाचा गारवा, उकिरड्याची ओल, कडब्याच्या गंजीखालचा अंधार, ठिबकच्या नळीखाली बारा महिने भिजलेली माती आणि बागायती उसाची सावली एवढे असल्यावर लातूरचा उन्हाळा तिला लातूरचा उन्हाळा म्हणून भेटतच नाही.

त्याचा परिणाम २०२२ च्या खरिपात सगळ्यांनी पाहिला. लातूर, बीड आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी रातोरात कुरतडली, कित्येकांना दुबार आणि तिबार पेरणी करावी लागली, आणि शेवटी गोगलगायीने केलेल्या नुकसानीसाठी सरकारला भरपाई जाहीर करावी लागली. आमच्याही दोन एकरांतले सोयाबीन तेव्हा गेले होते. वडिलांच्या बोलण्यातला तिटकारा तेव्हापासूनचा आहे.

पाण्याचा जमाखर्च डोळ्यांसमोर ठेवला की शेतकरी वापरतात त्या सगळ्या उपायांचा अर्थ एकाच सूत्रात लागतो. मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. चुन्याची कोरडी पट्टी ओलांडताना तिला बेसुमार चिकटा खर्चावा लागतो, म्हणून ती वळते, आणि पावसाने पट्टी भिजली की तिचा धाक संपतो. मेटाल्डिहाईड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या खाल्ल्यावरही ती चिकटा टाकत टाकत सुकते. त्यामुळेच गोळ्या टाकल्यावर लगेच मोठा पाऊस झाला तर अर्धमेल्या गोगलगायी पाणी पिऊन पुन्हा सावरतात आणि शेतकरी औषधच भेसळीचे होते म्हणून दुकानदाराशी भांडतो. (या गोळ्या कुत्र्यांना अतिशय घातक असतात, हे गावोगाव मोठ्याने सांगायला हवे.) मला स्वतःला यांतल्या कोणत्याही उपायापेक्षा उन्हाळ्यात बांध उकलणे आणि पहिल्या पावसानंतरच्या आठ-दहा दिवसांत गोळा करणे हे दोनच उपाय पटतात. मेमध्ये त्या एका जागी गोळा झालेल्या असतात आणि पळू शकत नाहीत. जूनमध्ये त्या तहानेल्या आणि भुकेल्या बाहेर येतात, पण अंडी अजून घालायची राहिलेली असतात.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला चांगला पाऊस झाल्याचा फोन आला आणि मी शनिवारी गावी गेलो. कुंडी ओसरीत कोरडीच होती आणि गोगलगाय जशीच्या तशी. त्याच दुकानातल्या काट्यावर तिचे वजन केले, तर पाच आठवड्यांत फरक जेमतेम तीन ग्रॅमचा दिसला. मग एका ताटात ओला पंचा पसरला आणि शंख त्यावर ठेवला. पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही. त्यानंतर पडद्याची खालची कड मऊ होऊन किंचित सुटली आणि तिथून दोन-तीन बारीक बुडबुडे आले. पडदा एका बाजूने बिजागरीवर फिरल्यासारखा उघडला आणि त्याच्या मागून राखाडी, सुरकुतलेला, वाळक्या अंजिरासारखा पाय बाहेर आला. शिंगे अजून आतच होती. पायाने पंचा चाचपला आणि तो तिथेच पसरला. पुढची वीस-पंचवीस मिनिटे ती हललीही नाही, फक्त सुरकुत्या एकेक करून भरत गेल्या आणि कातडीला चकाकी आली. त्यानंतर एक शिंग, मग दुसरे. सरकायला लागली तेव्हा तिच्या मागे पंच्यावर खडूच्या ओल्या भुकटीसारखी एक पांढुरकी रेघ राहिली होती, चार महिन्यांचा साठवलेला केर.

वडील दाराशी उभे राहून हे सगळे पाहत होते. संध्याकाळी त्यांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती शेतात ठिकठिकाणी अंथरली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही ती उलटी केली, तेव्हा प्रत्येक पोत्याच्या खालच्या अंगाला पंधरा-वीस गोगलगायी चिकटलेल्या होत्या. हातमोजे घालून त्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत टाकत आम्ही दहा वाजेपर्यंत शेत फिरलो. ताटातली गोगलगायही मी त्याच बादलीत टाकली. तिच्यासाठी वडिलांकडे रदबदली करावी असे क्षणभर वाटले होते, पण समोर सोयाबीनची दोन पानांवर आलेली रोपे होती.

तिचा पडदा मात्र पंच्याला चिकटून राहिला होता. तो वाळल्यावर अलगद सुटला. आता तो माझ्या डायरीत जूनच्या पानांमध्ये आहे, कडेने थोडा वळलेला, आणि बोट लावले की अजूनही कोरड्या कागदासारखा वाजतो.